घर राखायला कोण?

१९५१ च्या ३१ मार्चला मालगुजारी संपली, वाडे तेवढे उरले. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, भंडारा मध्य प्रदेशात होता आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पुढे १९५६ ला मुंबई राज्य आलं, १९६० ला महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ पासून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. वाडा जागचा हलला नाही, पण पत्त्याची शेवटची ओळ आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, एक लिहिली, बाबांनी दुसरी आणि आम्ही तिसरी. तालुका आमगाव, एवढं सांगून थांबते. कॅमेरे कुठे लावले ते लिहायचं आणि वर गावाचं नावही द्यायचं, इतका उदारपणा बरा नव्हे.

आमच्या झाडीपट्टीतले मालगुजारी वाडे पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांसारखे दगडी आणि बुरूजबंद नसतात. इथे माती आणि सागवान मुबलक. दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू. पूर्वेला फाटक, धानानं भरलेली बंडी सरळ आत यावी एवढं रुंद, आणि फाटकाच्याच एका फळीत माणसापुरता दिंडी दरवाजा. आत बाहेरचं अंगण. त्याच्या एका हाताला कोठार, दुसऱ्या हाताला गोठा, समोर ओसरी. ओसरीच्या पोटातून एक अरुंद दार आतल्या अंगणात उघडायचं. तिथे तुळस, रांधणीघर, देवघर, बाळंतिणीची खोली. त्याही मागे सांदवाडी: विहीर, कडूलिंब, न्हाणी, शेणखताचा खड्डा आणि बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, जाणारं मागचं दार.

आमची पिढी म्हणजे १९५५ ते १९७५ च्या दरम्यान या वाड्यात जन्मलेली किंवा सुट्ट्यांना इथे येऊन पडलेली चुलत आणि आते भावंडं. बालाघाटची आत्या छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदियापर्यंत यायची, नागपूरचे काका मोठ्या गाडीनं. आमगाव स्टेशनावर उतरलं की बंडी आलेली असे. बंडी वळणावर आली की सालगडी बैलांना हाकताना मुद्दाम आवाज चढवायचा आणि आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत फाटक उघडलेलं असायचं. कोण येतं आहे हे घराला आधी कळायचं. हे कसं घडतं, याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही. तो करायला लावला तो गोंदियाच्या एका कॅमेरेवाल्या पोरानं, पण त्याच्याकडे नंतर येते.

त्या घरात कुलपं फार नव्हती. कोठाराला एक अलिगढी कुलूप, तिजोरीला तिची स्वतःची किल्ली, बाकी दारांना कड्या आणि अडसर. तरी मोठी चोरी झाल्याचं मागच्या पिढीतलं कुणी सांगत नाही. लहानपणी याचं सगळं श्रेय आम्ही ओसरीत टांगलेल्या बंदुकीला द्यायचो. तिचा घोडा गंजून चिकटला होता, हे गावातल्या चोराला आमच्याआधी ठाऊक असणार. खरं राखण करत होती ती माणसांची बसण्याची ठिकाणं.

आबाजी ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात बसायचे. तिथून फाटक थेट दिसायचं आणि कोठाराचं दार तिरकं. फाटक पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येई. म्हणून दहा वाजेपर्यंत ते कोठाराकडे तोंड करून बसत आणि ऊन चढलं की तक्क्यासकट फाटकाकडे वळत. आम्हाला ती म्हाताऱ्या माणसाची लहर वाटायची. कोठाराच्या पायरीवर दिवाणजी. धान कुडोनं मोजलं जाई आणि प्रत्येक कुडोला ते मोठ्यानं आकडा म्हणत, म्हणजे मोजणाऱ्याला, नेणाऱ्याला आणि ओसरीवरच्या आबाजींना, तिघांनाही तो एकाच वेळी ऐकू यावा. पहिल्या आकड्याच्या जागी ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. गोठ्यात रात्री सालगडी झोपे. त्याची बाज अशी टाकलेली असायची की फाटकाचा दिंडी दरवाजा उघडायचा तर तिला ओलांडून जावं लागे. वरून गावचा कोतवाल. मराठी गावातला मराठी माणूस, पण रात्रीची हाक हिंदीत: ‘जागते रहो’. गोंदियाकडे हे असंच चालतं, भांडण मराठीत आणि हुकूम हिंदीत.

पावसाळ्यात कोतवालाची फेरी तलावाच्या पारीवरूनही जायची. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले, लोकांनी त्यांना ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा’ करून टाकलं, पण पार फुटायची भीती तीच राहिली. आषाढातल्या एखाद्या रात्री पार पाझरते आहे असं सांगायला तो येई, तेव्हा दिंडी दरवाजातल्या तळहाताएवढ्या झरोक्यातून आधी कंदील बाहेर धरला जायचा. आतल्यानं बाहेरच्याचा चेहरा पाहायचा, बाहेरच्याला आतलं काही दिसू द्यायचं नाही.

या सगळ्यांहून तीक्ष्ण पहारा होता मोठीमायचा. मोठीमाय म्हणजे आमच्या थोरल्या काकांची बायको. आजी लवकर गेली, तेव्हापासून घर तिच्याच हातात. ओसरी आणि आतलं अंगण यांच्यामधल्या त्या अरुंद दाराच्या उंबऱ्यापाशी तिचा पाट असे. तिथे ती तांदूळ निवडी, भाजी चिरी, पान लावी, दुपारी तिथेच भिंतीला टेकून डोळा लावी. त्या एका जागेवरून आतलं अंगण सगळं, बाहेरच्या अंगणाचा मधला पट्टा, रांधणीघराचं दार आणि सांदवाडीकडची वाट, एवढं सारं मान न वळवता दिसायचं. मागच्या दाराचा अडसर तिला दिसत नसे, पण तो काढल्या-घातल्याचा आवाज बरोबर ऐकू येई. बोडीवर धुणं धुवायला गेलेली बाई किती वेळानं परतली, धाकट्या सुनेनं माहेरचं पत्र कुठे बसून वाचलं, कोणत्या पोराच्या खिशात गूळ आहे, हे तिला माहीत असायचं. आम्हा मुलींचा वावर तर तिच्या नजरेखालीच. मैत्रिणीकडे जायचं असो की बोरं वेचायला, रस्ता तिच्या समोरूनच. चोर आला असता तर त्यालाही तिनं पाहिलंच असतं, पण आमच्या आठवणीत चोरापेक्षा आम्हीच जास्त पाहिल्या गेलो. भावंडांच्या गप्पांत मोठीमायचा विषय निघाला की पुरुष हसतात आणि बायका थोड्या उशिरानं हसतात.

कार्तिक-मार्गशीर्षात पहारा घराबाहेर सरके. कापलेल्या धानाचे पुंजणे चुरणा, म्हणजे मळणी, होईपर्यंत खळ्यावर उभे असत आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे जुन्या वैराचा राग पुंजण्यावर काढायची रीत आहे. एक काडी पेटली की वर्षाचं पीक एका रात्रीत राख. अशा बातम्या आजही दर हिवाळ्यात येतात. म्हणून घरातले मोठे मुलगे आळीपाळीनं खळ्यावर झोपायला जात, तणसाच्या गादीवर, दोन गोधड्यांत. आमच्या भावांच्या तारुण्याच्या सगळ्या गोष्टी त्या खळ्यावरच्या. पहिली बिडी तिथली. पहिलं प्रेमपत्र शेकोटीच्या उजेडात तिथेच लिहिलं गेलं आणि वडिलांची चाहूल लागल्यावर त्याच शेकोटीत गेलं. रानडुक्कर आलं म्हणून ओरडत सुटलेला धाकटा काका आणि अंधारातून निघालेली गावच्याच पाटलाची म्हैस, ही गोष्ट प्रत्येक लग्नात निदान एकदा होते. दरवेळी म्हैस थोडी मोठी होते.

आणि मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया सुरू होतात, आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार किंवा नाटक. आपल्या गावच्या मंडईला घराघरात पाहुण्यांची रास असायची आणि रात्री सारं घर उठून दंडारीला जायचं. गाव रिकामं, वाटा अंधाऱ्या, कोठारं नव्या धानानं भरलेली. चोरीला याहून बरा मुहूर्त नाही. म्हणून त्या संध्याकाळी जेवणं उरकता उरकता ओसरीवर एक प्रश्न निघे: ‘घर राखायला कोण?’

प्रश्न विचारला जायचा सगळ्यांना, उत्तर ठरलेलं असायचं. आमची एक आत्या विशीच्या आतच विधवा होऊन माहेरी परतली होती. ‘मी आहो ना,’ ती म्हणायची, आणि सगळे हायसे होऊन चपला शोधायला लागायचे. आम्ही पहाटे परतायचो ते गाण्यांच्या ओळी घोळवत. ती दिंडी दरवाजा उघडायची आणि चुलीवर पाणी ठेवलेलं असायचं. दंडारीत काय झालं ते ती आमच्याकडून ऐकून घ्यायची, मध्ये प्रश्न विचारायची, नटांच्या नकला करून दाखवायला लावायची. तिनं स्वतः एकही दंडार पाहिली नाही. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी एका चुलत बहिणीनं हे हिशेब लावून सांगितलं, तेव्हा कुणालाच काही बोलायला सुचलं नाही. घर सुरक्षित होतं ते कुणाच्या जोरावर, हा प्रश्न जुन्या घरांच्या कौतुकात सहसा येत नाही. यायला हवा.

आता वाड्यात मोठ्या वहिनी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा रायपूरला, मुलगी भिलाईला. बाहेरच्या अंगणातल्या दोन खोल्यांत शेती पाहणारं कुटुंब आहे. बाकी आम्ही नागपूर, पुणे आणि एक न्यू जर्सी असे पसरलेले. गेल्या पावसाळ्यात सांदवाडीतल्या विहिरीवरची मोटार गेली. तिच्या शोधात कोठार उघडलं तर तिथली पितळेची गुंडंही गेलेली. ती कधी गेली हे कुणालाच सांगता येईना. मग भावंडांच्या व्हॉट्सअॅप समूहावर, जिथे एरवी वाढदिवसाचे केक फिरतात, वाड्याचा नकाशा आला. नागपूरच्या दादानं तो वहीच्या जोडपानावर हातानं काढला होता आणि प्रमाणात नसला तरी त्यात लिंबाचं झाडसुद्धा होतं. प्रत्येकानं कॅमेरा कुठे हवा तिथे ठिपका द्यायचा, असं ठरलं.

दादाचा पहिला ठिपका ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात पडला. न्यू जर्सीच्या भावाला तुळस आणि देवघराचं दार एका चौकटीत हवं होतं. बालाघाटच्या आत्याच्या मुलीनं गोठा मागितला, ज्यात आता एक ट्रॅक्टर आणि दोन मोडक्या खुर्च्या आहेत. पुण्याच्या भावाला लिंबाचा पार. मी विहीर सांगितली. कुणीतरी रांधणीघराची चूलही सुचवली. नकाशाला देवी आल्यासारखे ठिपके झाले.

गोंदियाहून आलेल्या पोरानं तो कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘काकू, एवढ्यात एकबी मागच्या दारावर नाही.’

नव्हताच. मोटार गेली होती ती मागच्या दारानं. पण ते दार बोडीवर जाणाऱ्या बायांचं, शेण नेणाऱ्या गड्यांचं. तिथे आमचं बालपण घडलं नव्हतं. आम्ही चोराची वाट अडवायला बसलो होतो आणि मागवत होतो स्वतःची सुट्टी.

पोरगा हुशार होता आणि बोलता बोलता शिकवतही होता. कॅमेऱ्याकडून एकाच वेळी दोन कामं मागायची नाहीत, हे त्याचं पहिलं सूत्र. अंगणात कुणीतरी आहे एवढं कळणं वेगळं आणि तो कोण आहे हे ओळखू येणं वेगळं. युरोपातल्या मानकात याचा हिशेबच बांधून दिला आहे: अनोळखी माणूस ओळखायचा तर चित्रात एका मीटरला २५० ठिपके पडले पाहिजेत, नुसती हालचाल कळायला २५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० ठिपक्यांची. म्हणजे चेहरा हवा असेल तर तो साडेसात मीटरहून रुंद जागा पाहू शकत नाही. आमचं बाहेरचं अंगण त्याच्या तिप्पट. तिथे कॅमेरा लावला तर माणूस दिसेल, त्याचं नाक दिसणार नाही. चेहरा पकडायचा तो माणसाला जिथून जावंच लागतं अशा चिंचोळ्या जागी, फाटकात नाहीतर मागच्या दारात. तिथे जास्त मिलिमीटरचं भिंग लावायचं. २.८ मिलिमीटरचं भिंग शंभर अंशांच्या आसपास पसरतं, ६ मिलिमीटरचं साधारण त्याच्या निम्मं, पण दूरचं जवळ आणतं. उंचीही बेतानं. आठ-नऊ फुटांवर चेहरा मिळतो, पंधरा फुटांवर नुसता टोपीचा शेंडा.

मग फाटक. ओसरीतून फाटकाकडे रोखलेला कॅमेरा सकाळी उन्हात आंधळा होतो, येणारा माणूस नुसती काळी आकृती. पोरानं मोबाइलवर ते दाखवलं आणि म्हणाला, ‘या कोपऱ्यातून सकाळी दहापर्यंत काही उपयोग नाही.’ दादा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आबाजी दहापर्यंत कोठाराकडे तोंड करून का बसायचे, ते आम्हाला त्यांच्या पश्चात असं कळलं. शेवटी कॅमेरा फाटकाच्याच खांबावर, वळचणीखाली, आत तोंड करून बसला.

जाड मातीच्या भिंतींमुळे वाय-फायचे कॅमेरे बाद झाले, एका खोलीतला सिग्नल दुसरीत जाईना. तार ओढणं भाग होतं. मातीच्या भिंतीला भोक पाडायला गेलं की वीतभर खपली निघते, म्हणून तार खांबांच्या आणि वाशांच्या आधारानं नेली, तीही पाइपातून. उंदीर एकीकडे आणि कवेलूंवर नाचणारी वानरं दुसरीकडे, उघडी तार महिना टिकली नसती. ज्या तारेतून चित्र येतं तिच्यातूनच वीजही जाते आणि तिची मर्यादा १०० मीटरची. फाटकापासून सांदवाडीपर्यंत ती पुरली. रात्री रंगीत चित्र देणारे पांढऱ्या दिव्याचे कॅमेरे पोरानंच नको म्हटले. दिवाळीच्या सुमाराला धानावरचे तुडतुडे उजेडावर झेपावतात तेव्हा त्या कॅमेऱ्यात तुडतुड्यांखेरीज काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे बरे, मात्र त्यांच्या तोंडाशी कोळी जाळं विणतो आणि ते पंधरवड्याला पुसावं लागतं. झाडू बांबूला बांधून पुसायचं, यापलीकडे त्याला तंत्रज्ञान नाही.

साठवणीचा हिशेब मला सगळ्यात बोलका वाटला. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट माहिती पाठवत असेल तर दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचं धरलं तर दोन टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. ज्या घरात गुंडं गेल्याचं महिन्यानंही कळत नाही त्याला अकरा दिवस काय करायचे? सहा टीबीची घेतली, महिना निघतो.

आमचा एक भाचा वनखात्यात आहे, नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला. त्याच्यासाठी कॅमेरा म्हणजे झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप. तो नकाशा पाहून मोठ्यानं हसला. ‘वाघाला शोधायला जंगलभर कॅमेरे नाही लावत. वाट शोधतो, ओली माती शोधतो, पायाचे ठसे पाहतो, मग दोन्ही बाजूंना एकेक बांधतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर.’ दोन कशाला, तर वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात; एकच कूस मिळाली तर तो वाघ कोणता हे ठरवता येत नाही. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले होते आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं निघाली. त्यांत वाघ होते फक्त ७६,६५१ छायाचित्रांत. उरलेल्या बहुतेकांत हरणं, गुरं, माणसं आणि वाऱ्यानं हललेलं गवत. ‘तुमच्या मोबाइलवर पण गवतच येणार,’ तो म्हणाला. आलंच. पहिल्या आठवड्यात सूचना आल्या त्या मांजर, वानर आणि वाळत घातलेल्या लुगड्याच्या.

लुगड्यावरून वहिनी बोलल्या. तोवर त्या सगळ्यांना चहा देत होत्या आणि कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आतल्या अंगणात तुळशीवर रोखलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, ‘बाई, हे कोन पायनार?’ मी म्हटलं, आम्ही सगळे, आपापल्या फोनवर. ‘म्हंजे मी सकाळी केस मोकळे सोडून बसली, तं ते अमेरिकेत दिसन? मी का चोर आहो?’

मला मोठीमायचा उंबऱ्यापाशी मांडलेला पाट आठवला. तिनं आम्हाला पाहिलं, पण आम्हीही तिला पाहायचो, आणि ती झोपली की पळूनही जायचो. वहिनींना मात्र चोवीस तास पाहणारे आम्ही असणार होतो आणि त्यांनी आम्हाला कधी पाहायचं, याची सोय त्या नकाशात कुठेच नव्हती. आत्यानं निदान घर राखलं होतं. वहिनींना घर राखायचं होतं आणि वर स्वतःही राखलं जायचं होतं.

न्यू जर्सीच्या भावाला ही बाब पटायला वेळ लागला. ‘काळजीपोटी तर लावतोय,’ त्याचं म्हणणं. काळजी खरी होती, पण एवढ्यानं प्रश्न सुटत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, ते सरकारच्या संदर्भात म्हणून आपण वाचलं आणि विसरलो. पण २०२५ मध्ये कोलकात्यातल्या एका सामायिक घराच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल आला. घराच्या राहत्या भागात, बरोबर राहणाऱ्यांची संमती न घेता कॅमेरे लावणं हा त्यांच्या खासगीपणावर घाला आहे, असं न्यायालयानं म्हटलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा घरगुती वापराला वगळतो, हे भावानं लगेच शोधून पाठवलं. बरोबर आहे. पण सामायिक वाड्यात ‘घर’ कुणाचं, सातबाऱ्यावर नाव असलेल्या अकरा जणांचं की तिथे चूल पेटवणाऱ्या एकीचं? माझं मत सरळ आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत घर राहणाऱ्याचं.

मग नकाशा पुन्हा मांडला, या वेळी वहिनींच्या बाजेवर बसून. आतल्या अंगणात एकही नाही. न्हाणीकडे आणि विहिरीच्या धुण्याच्या दगडाकडे तोंड होईल असा एकही नाही, विहिरीवरची मोटार दिसेल पण दगड चौकटीबाहेर राहील असा अँगल पोरानं खटपट करून बसवला. फाटकाला दोन, एक चेहऱ्यासाठी आणि एक बाहेरच्या रस्त्यासाठी. रस्त्यावरचा समोरच्या घराच्या दारात पाहणार नाही असा खाली वाकवलेला. मागच्या दाराला दोन, भाच्याच्या वाघासारखे समोरासमोर. कोठाराच्या दारावर एक, बाहेरच्या अंगणात एक, मोटारीवर एक. आठवा खळ्यावर, सौर पट्टीचा आणि सिमकार्डाचा, कारण खरं नुकसान तिथे होतं आणि आता तिथे झोपायला कुणी जात नाही. शेती पाहणाऱ्या कुटुंबाच्या दोन खोल्यांकडे एकाचंही तोंड नाही. तेही वहिनींनीच सांगितलं, आम्हाला सुचलं नव्हतं. इन्व्हर्टर आणि विजेपासून संरक्षणाची पेटी घेतली, अर्थिंग नवं केलं. झाडीतला मृगाचा कडकडाट एका रात्रीत सगळी यंत्रं जाळू शकतो.

तुमचाही असा एखादा वाडा असेल, भाऊबंद पांगलेले आणि आत एखादी वहिनी किंवा काकू एकटी, तर दोन गोष्टी कानावर घालते. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असलं चित्रण कोर्टात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि तारीखच चुकलेली असेल तर समोरचा वकील तेवढ्यावरच खेळतो. दुसरं, फाटकावर ‘येथे कॅमेरे आहेत’ अशी पाटी मराठीत आणि हिंदीत लावा. निम्मं काम ती पाटीच करते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी तो साधा सभ्यपणाही आहे.

पडदा वहिनींच्या खोलीत आहे, पासवर्डही त्यांच्याचकडे. आम्हाला कुणाला वाडा पाहायचा असला की आधी त्यांना फोन करावा लागतो.